उशीर बैलामुळे झाला नव्हता

आबा, त्या दिवशी बैल अडला नव्हता, हे इतकी वर्षं फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. आईने मरेपर्यंत त्या बिचाऱ्या बांड्या बैलाला शिव्या घातल्या, आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. मी आता तुमच्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाले आहे, तरी तुम्ही घातलेली शपथ कालपर्यंत पाळली. आज मात्र तुमचा राग आला आहे. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, हे कळतं मला, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा नुकता लागत होता. निजामाच्या राज्यात राहायची भीती वाटून गावातली निम्मी घरं पैनगंगेपल्याड, वऱ्हाडात निघून गेली होती. आपलंही मामाकडे जायचं ठरलं. आई आणि धाकटी काकाच्या गाडीतून गावच्या इतर गाड्यांबरोबर निघणार, आणि तुम्ही हिंगोलीच्या बोर्डिंगातून दादाला घेऊन दिवस मावळायच्या आत त्यांना नदीवर गाठणार. सोबत पोरगी असली की कुणाला संशय येत नाही, म्हणून मला घेतलंत. "कोनी इचारलं तर पोट धरून बसायचं. दवाखान्यात चाललो म्हनायचं." मी वाटभर पोट धरून बसले आणि भीतीने ते खरंच दुखायला लागलं.

बोर्डिंगात दादा नव्हता. शाळाशाळांचे फुटबॉलचे सामने चालले होते आणि त्या सकाळी परभणीच्या पोरांशी शेवटचा सामना होता. तुमचा चेहरा अजून आठवतो. "चामड्याच्या गोळ्यामागं पळायला ठिवलं का तुला शाळंत?" असं दर सुट्टीत त्याला ऐकवायचात. मग त्याने घरी खेळाचं नाव काढणंच सोडून दिलं होतं. मैदानाकडे तरातरा निघालात ते त्याचा कान धरून आणायलाच.

सामना नुकताच सुरू झाला होता. गर्दीत एका म्हाताऱ्या बागवानाने बोरांची टोपली सरकवून आपल्याला जागा दिली. "बैठो पटेल. तुम्हारा लौंडा कौनसा?" तुम्ही आधी पटका नीट केलात. मग बोट दाखवलंत, "त्यो. डोक्याला रुमाल बांधल्याला." तेवढ्यात दादाच्या पायात चेंडू आला. अनवाणी पायांनी दोन पोरांच्या मधून तो असा निसटला की सगळं मैदान उठलं, आणि आबा, तुम्हीही उठलात! पटका सुटून खांद्यावर आला तरी तुम्हाला पत्ता नाही. "पळ रं लेकरा, पळ!" तुमचा तसला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतर ऐकायचं नशिबात नव्हतं. समोरच्या बाजूला भाले-लाठ्या घेतलेली माणसं उभी होती. ज्यांच्या भीतीने आपण गाव सोडत होतो तीही दादाचंच नाव घेऊन ओरडत होती. मी बोरं खात होते, उड्या मारत होते, पोट कुठे दुखतंय ते विसरले होते. इतकी मजा मला कुठल्या लग्नातही आली नाही.

मध्यंतर झालं. दादा पलीकडे पाणी पीत बसला होता, त्याने आपल्याला पाहिलं नव्हतं. "आता बोलवा ना त्याला," मी म्हणाले. तुम्ही उन्हाकडे पाहिलंत, त्याच्याकडे पाहिलंत. "एक गडी कमी व्हईल त्याह्यचा. थांबू जरासं." आणि पुन्हा बसलात. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे तुमचा पाय निघाला. "मी बैल जुपून आनतो. चाचा, पोरीवर ध्यान ठिवा." सामना संपता संपता तुम्ही गाडी मैदानाच्या कडेला आणून मला वर घेतलंत, आणि गाडी ओळखून दादा आला तर त्याला म्हणालात, "आत्ताच येऊन राह्यलो. बैल अडला वाटंत." मला चाकाआड घेऊन आईच्या गळ्याची शपथ घातलीत.

आपण नदीवर पोचलो तोवर दिवस मावळला होता आणि सगळ्या गाड्या पल्याड गेल्या होत्या. आपली एकटीच गाडी त्या भाले-लाठीवाल्यांना सापडली. बैल सोडून नेले, आणि अडवायला गेलात म्हणून तुमच्या डोक्यात लाठी घातली. मामाच्या पडवीत पावसाळ्यापर्यंत पडून होतात. शेवटी शेवटी आम्हाला ओळखतही नव्हतात. शपथेचा अर्थ मला मोठेपणी कळला. आपल्या खेळापायी उशीर झाला, हे ओझं दादाच्या डोक्यावर नको, म्हणून तुम्ही ते बैलाच्या मानेवर ठेवलंत.

पण त्याच्या डोक्यावर दुसरंच ओझं बसलं, ते कुठे पाहिलंत तुम्ही? नातवाला खेळताना पाहिलं की दादाचं ठरलेलं वाक्य असे, "आबानी मला कदी खेळताना पाह्यलंच न्हाई. पाह्यलं असतं तर तसं बोलले नसते." दर वेळी मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठायची. काल नाही उठले. सगळं सांगून टाकलं. बोरं, सुटलेला पटका, "पळ रं लेकरा", मध्यंतरात पुन्हा बसलात ते, आणि शपथही. तो मान खाली घालून खाटेवर बसला. ऊन, नदी, लाठी, त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. वाटलं, ह्या वयात मी भावाला मारलं. तुमचा इतका राग आला, आबा! नऊ वर्षांच्या पोरीच्या पदरात कुणी असलं काही बांधतं का?

मग त्याने मान वर केली आणि विचारलं, "मंग माजा गोल पाह्यला का त्याह्यनी?"

गोल अगदी शेवटी झाला होता. तुम्ही तेव्हा बैल जुंपत होतात.

"पाह्यला," मी म्हणाले. "उभं राहून."