गौरम्माच्या वाटचं पीठ

मंगळवार, रात्र

वैताग आलाय नुसता! येलवाल गावच्या गरोदर गौरम्माला आम्ही महिनाभर लोह मिसळलेलं रागीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ देतोय, तरी तिच्या अंगात रक्त भरत नाही. प्रयोगशाळेत सगळे पिठालाच दोष देत बसलो. आज तिलाच विचारलं, तर म्हणाली,

"अक्का, घरात रागीमुद्देचे गोळे सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात शिजतात ना? सगळ्यांना वाढून उरेल ते मी खाते."

प्रयोगशाळेतल्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "यादीतून काढा तिला, निकाल बिघडतील."

काढा म्हणे! आमच्या तक्त्यात 'कोणी खाल्लं' या रकान्यात जागाच एका नावापुरती; घरातले बाकीचे खाणारे लिहायचे कुठे? आणि तो तक्ता कोणी आखला? मीच. मला एवढं साधं सुचू नये?

आत्ता घरी सगळ्यांची पानं उचलली आणि मीही पातेल्याच्या तळाचं खरवडून जेवले.