पौर्णिमेचा झटका

हडपसर, १२ जुलै २०२५

चि. आम्रपाली हिस,
जयभीम. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र लिहितो आहे.

काल सकाळी आपली मित्रा पुन्हा फिटचा झटका येऊन पडली. पाच वर्षांच्या माझ्या नातीला भात नाही, पोळी नाही, साखर नाही; तुझ्या सांगण्यावरून नुसतं तूप, खोबरं आणि अंडी. यालाच तुमच्याकडे संशोधन म्हणत असतील, आमच्याकडे हाल म्हणतात. मे, जून, जुलै, तिन्ही वेळा झटका पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आला. आयुष्यभर ग्रहताऱ्यांना हसलो, पण तुझ्या प्रयोगशाळेपेक्षा चंद्र भरवशाचा निघाला!

एक तारखेपासून तुझा आहार बंद. पोरीला वरणभात देणार. सूनबाई दीपाली रडते आहे, रडू दे.

आशीर्वाद गृहीत धर.
सुखदेवकाका

*

कर्वेनगर, १६ जुलै

ती. काकांस,
सविनय जयभीम. विनय एवढाच, पुढे शोधू नये.

बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस चंद्राकडे बोट दाखवतो, धन्य आहे! उद्या दाराला लिंबूमिरची बांधाल.

आता शेवटचं सांगते. मित्राच्या रक्तातली साखर मेंदूपर्यंत पोचतच नाही, ती वाट जन्मापासून बंद आहे. मेंदू उपाशी राहिला की झटका येतो. तुपातून शरीर दुसरं इंधन बनवतं, ते मात्र पोचतं. पण पोटात गोड गेलं की ते बनणं थांबतं. याच आहारावर मेपर्यंत चार महिने एकही झटका नव्हता, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. चंद्राकडे साखर नसते. तुमच्याकडेच कोणीतरी तिला गोड देतंय. पाटबंधारे खात्यात जन्मभर गळत्या शोधल्यात ना, ही पण शोधा.

काका, मला भीती वाटते. झटके येत राहिले तर आलेलं बोलणंही जातं. ती आत्ता कुठे मला आत्या म्हणायला लागली आहे.

माझ्यावर नसला तरी तिच्यावर लोभ असू द्या.
आम्रपाली

*

हडपसर, २१ जुलै

चि. आम्रपाली हिस,
जयभीम. उर्मटपणाचा नमुना म्हणून तुझं पत्र जपून ठेवलं आहे.

घरात सगळ्यांची उलटतपासणी घेतली. दीपाली साखरेचा डबा कुलपात ठेवते. राकेश बाप असून पोरीसमोर चहासुद्धा पीत नाही. पौर्णिमेचा तर प्रश्नच नाही. बुद्धपौर्णिमेला विहाराचा अध्यक्ष झाल्यापासून मी तिला दर पौर्णिमेला सोबत नेतो. वंदना होते, मी खीरदान करतो, पहिली वाटी नातीला देण्याचा मान माझा. दिवसभर ती माझ्या नजरेखाली असते. दानाची वाटीभर खीर काही कोणी आहारात धरत नाही, तेव्हा तिथे खुसपट काढू नकोस.

कळावे, आणि लवकर कळावे.
सुखदेवकाका

*

कर्वेनगर, २४ जुलै

ती. काकांस,
जयभीम. गळती सापडली. अभियंता स्वतःच नळ सोडून बसला आहे.

दान तुमच्या पुण्यात धरा. मित्राच्या पोटाला ती खीर म्हणजे दूध, तांदूळ आणि साखर एवढंच कळतं. इतके शिकलेले तुम्ही, आणि हे मला लिहून सांगावं लागतंय! दीपालीला विचारलं, तिला या वाटीचा पत्ताही नव्हता. आहार बंद करू नका. नऊ ऑगस्टच्या पौर्णिमेला वाटी देऊ नका. मग चंद्राला काय करायचं ते करू दे.

राग असावा, पण हात आवरावा.
आम्रपाली

*

हडपसर, ११ ऑगस्ट

चि. आम्रपाली हिस,
जयभीम. आनंदाने लिहितो आहे असं समजू नये.

परवा विहारात खीर शिजवलीच नाही. सगळ्यांना ओल्या खोबऱ्याचे तुकडे वाटले. मित्राचा तुकडा दीपालीने तोलून दिला होता. आमच्या विहार समितीतल्या रंगरावांनी सगळ्यांदेखत विचारलं की नव्या अध्यक्षांनी खीर घरी नेली काय. एरवी त्यांना सोडलं नसतं, पण खोबरं वाटत राहिलो. एकटीच्या हातात वेगळं काही दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

काल सकाळी पोरीच्या उशाशी बसून राहिलो. उठली, पाणी मागितलं, आणि आजोबांनी खीर का दिली नाही म्हणून माझ्यावर रुसली. झटका आला नाही. ती रुसली आणि मला रडू कोसळलं गं. ज्या हाताने मान म्हणून वाटी दिली, त्याच हाताने पोरीला तीनदा पाडलं. राकेशला यातलं काही सांगू नकोस.

चंद्राची माफी मागून झाली. तुझी मागायला रविवारी तिला घेऊन येतो. चहा बिनसाखरेचा कर, मीही सोडली आहे.

सुखदेवकाका