पाय आधी दाबतो

शुक्रवार, १२ एप्रिल १९८५. भांडुप.

शुक्रवारी कारखान्याची वीज बंद, म्हणून सुट्टी. एरवी मी खोलीत टिकत नाही. आज चपलेचा अंगठा तुटला, मोचीपण बसला नव्हता. दुपारभर भिंतीला टेकून नुसता बसलो. जाम कंटाळा.

मग बघतो तर उजवा पाय आपोआप दाबतोय. प्रेस मशीनचं पेडल दाबतो तसाच. हातही पुढे जातो, पत्रा ठेवल्यासारखा करतो, मागे येतो. खोलीत ना मशीन, ना पत्रा. दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखा मी बघत राहिलो.

खोलीतला बाबल्या म्हणाला, "काय रे, शिलाय मशीन चलवतस काय?" मीपण हसलो.

आणि तेव्हाच दिसलं. हात अजून पुढेच होता आणि पायाने दाबलं. परत बघितलं. परत तसंच. मशीनवर असतो तर बोटं गेली असती. रोज असंच होतंय का? कामात कोण बघतो? नुसता बसलो म्हणून कळलं.

उद्या फोरमनला सांगणार, मला प्रेसवर नको, पॅकिंगला टाका. हसले तर हसू देत.

आता लिहितोय तरी तो पाय चाललाच आहे. त्याच्यावर डावा पाय दाबून बसलोय.