माझगावच्या बोंबलांसाठी एक वाक्य

१७ नोव्हेंबर १९५८, सोमवार
सरकारी लिफाफा आला. राज्याच्या मच्छीमारी व किनारा सल्लागार समितीवर मेंबर म्हणून माझी नेमणूक! ग्राहकांचा प्रतिनिधी. शिळ्या पापलेटाविषयी वर्तमानपत्रांना अकरा पत्रं लिहिली, त्यातलं एक छापून आलं, तेही अर्धं. पण वाचणाऱ्यांनी वाचलं म्हणायचं. रे रोडला लाकडाच्या वखारीत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण सुकट बांधून आलेल्या कागदांवर.
राधा म्हणाली, मासळी निवडायची मी आणि सल्ला द्यायचा तुम्ही? मेंबरने घरात वाद घालू नये.
संकल्प : रोज इंग्रजीचे दहा शब्द.

१८ नोव्हेंबर
चाळीत फक्त दोघांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत डिलाईल रोडभर झालं. शेजारचा शशिकांत म्हणाला, काका, आत शिरताय तर संयुक्त महाराष्ट्रही घेऊनच या. चेष्टा होती, पण विचार वाईट नाही. भाषणात एक परिच्छेद घालीन.
शब्द : तीन.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अजेंडा आला. अभ्यासासाठी माझगाव बंदरावर गेलो. चंपा कोळीण भेटली. बावीस वर्षं आमच्या चाळीत मासळी आणते, मला दादा म्हणते, आणि भावात दादाला काही सवलत देत नाही. तिला अजेंडा वाचून दाखवला. विषय चौथा : बंदरामागच्या मोकळ्या जागेवर बर्फाचा कारखाना.
ती जागेवरच बसली. म्हणाली, दादा, तीच आमची बोंबील वाळवायची जागा. चौदा घरं जगतात तिच्यावर. ती गेली तर शिवडीच्या चिखलाकाठी जावं लागंल, तिथं पोचेपर्यंत निम्मा माल नासंल.
मग म्हणाली, तुमी तिथं येवढंच सांगा, बर्फ पायजे, पन आमच्या वाळवनीवर नको, गोदामामागं रिकामी जागा हाय तिथं बांधा.
मी तिच्या पाटीवर हात ठेवून शब्द दिला. बाकीच्या बायकाही जमल्या होत्या. एक म्हणाली, बोलतील ना वो हे, का नुसता कोट घालून बसतील? चंपाने तिला दटावलं.
घरी येताना वाटलं, एकच वाक्य म्हणजे फार तुटपुंजं. समितीला टिपण हवं. मुद्देसूद.

२३ नोव्हेंबर, रविवार
टिपणाचं पान एकोणीस. प्रस्तावना मत्स्यावतारापासून केली. सध्या शिवाजी महाराजांच्या आरमारात आहे. बोंबील सत्ताविसाव्या पानावर येईल, अशी आखणी.
बसवत नाही. चहा पाच वेळा. गॅलरीत येरझाऱ्या एक्केचाळीस, मोजल्या. खालच्या मीराबाई वर येऊन म्हणाल्या, भावोजी, तुमच्या पायांनी आमच्या आमटीत माती पडते, देशसेवा खुर्चीत बसून होत नाही का? खुर्चीत बसलो. पाय हलतच राहिले.
शब्द : शून्य. पण मराठी बरेच झाले.

२५ नोव्हेंबर
गॅलरीत तालीम. आरमार संपलं तेव्हा श्रोत्यांत शशिकांतच उरला होता, तोही दाढी करीत होता म्हणून.
राधा म्हणाली, चंपालाच बरोबर न्या, ती दोन मिनिटांत सांगेल. समजावलं की समिती म्हणजे बाजार नव्हे. ती म्हणाली, मग बाजाराविषयी ठरवता कशाला? बायकांना प्रोसीजर कळत नाही.
कोट उन्हात घातला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ
मीटिंग उत्तम झाली. लांब टेबल, चार पंखे, अकरा मेंबर. मासळीचा वास एकालाही नाही. अध्यक्ष फार सुसंस्कृत. माझी खुर्ची दाराशी, म्हणून सुरुवात माझ्यापासून. म्हणाले, बोला, पेडणेकर.
आता आमच्या चाळीत गणपतीची बैठक असो की संयुक्त महाराष्ट्राची सभा, वजनदार माणूस शेवटी बोलतो. पहिला बोलतो त्याला सतरंज्या उचलाव्या लागतात. मी कसा पहिला उठेन? हात जोडून म्हटलं, मी शेवटी. अध्यक्ष खूश झाले, कागदावर काहीतरी टिपलं.
चौथा विषय आला. कुणाला काही म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं. मी भोवताली पाहिलं. मध्येच तोंड घालणं वयाला शोभत नाही. चहात बिस्कीट बुडवून वर काढेपर्यंत विषय मंजूर.
मग शेवटी माझं नाव पुकारलं. बावीस मिनिटं बोललो. टाळ्या.
तपशील उद्या. थकलो आहे.

२८ नोव्हेंबर
तपशील. शेवटचं भाषण तिथे आभाराचं असतं. हे मला उभा राहिल्यावर कळलं. पण खचलो नाही. टिपण आणि आभार यांची सांगड घातली. मत्स्यावताराचे आभार, आरमाराचे आभार, मग एकेका विषयाबद्दल समितीचे आभार. ओघात चौथ्याचेही. बोंबलापर्यंत पोचलो तेव्हा शिपाई पंखे बंद करीत होता.
पण खोलात पाहिलं तर ही चाल आहे. अध्यक्ष आता माझ्यावर प्रसन्न आहेत. पुढच्या मीटिंगला चौथा विषय पुन्हा उघडायला लावतो. तेव्हा पहिला बोलेन.
राधाने एवढंच विचारलं, चंपाचं वाक्य बोललात का? मी पाणी प्यालो.

२ डिसेंबर, मंगळवार
चंपा आली होती. मला नेमकी आंघोळीची आठवण झाली. मोरीतून ऐकलं. राधाला सांगत होती, दादा आमच्यासाठी मोठ्या सायबांसमोर बोलून आले, हे दोन पापलेट त्यांना, आज भाव करायचा नाय.
ताजे होते. मी खाल्ले नाहीत. म्हणजे एकच खाल्ला.

३ ते ८ डिसेंबर
बाजाराच्या वाटेने जाणं बंद. गुडघ्याला चालणं बरं नाही, असं वैद्य म्हणाले असते. अध्यक्षांना तीन पत्रं लिहिली. पहिलं फार कडक झालं, दुसरं फार मऊ. तिसऱ्यात आरमार पुन्हा शिरलं. एकही टाकलं नाही. रोज सकाळी कोट घालतो, जिना उतरतो, जिना चढतो.
राधा रोज कोट झटकून हातात देते. हे बोलण्यापेक्षा वाईट.

१० डिसेंबर, बुधवार
मीटिंगचा वृत्तांत टपालाने आला. छापील. ‘विषय ४ : श्री. रामदास पेडणेकर यांनी ग्राहकांच्या व माझगाव बंदरावरील भगिनींच्या वतीने निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत केले.’ आणि खाली, समितीचे काम एकमताने व अपेक्षेपेक्षा लवकर पार पडल्याने समिती विसर्जित करण्यात येत आहे.
नाव मात्र शुद्ध छापलं आहे.
पाच वेळा वाचलं. राधाने वृत्तांत मागितला. तिलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, चंपाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत जा.

१४ डिसेंबर, रविवार
जायला चार दिवस लागले. तोवर तिला कळलं होतं. बंदराच्या फाटकावर नोटीस, आणि गोदामाच्या कारकुनाने बायकांना वृत्तांतही वाचून दाखवला होता, माझ्या नावासकट. त्या दिवशी कोटावरून बोललेली बाई मला बघून तोंड फिरवून उभी राहिली. चंपा वाळवणीचे बांबू उपटत होती.
मी सुरुवात केली, की चंपा, आमच्याकडे वजनदार माणूस शेवटी बोलतो, त्यामुळे असं झालं की...
ती म्हणाली, किती येळ बोललात? बावीस मिनिटं, म्हटलं. म्हणाली, आनि आमचं? मी कोटाचं बटण चाचपलं. तिने पुढचा बांबू उपटला. पापलेटांविषयी ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.
मग बांबूंची मोळी बांधून म्हणाली, दादा, बोलनं ऱ्हाऊ द्या, त्ये टोक धरा.
धरलं. चंपा पुढे, मी मागे. शिवडीपर्यंत मला कुणी काही विचारलं नाही.