क्लोतिल्दच्या पेल्यावरचा चौकोन

माकाँ, मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप एफ्राझी आत्या,

तुझ्या दोन्ही गालांना ओनेझिमचे मुके, आणि वर नमस्कार. गुडघा कसा आहे? तुर्नूला नदीवरून धुकं चढलं की तो ठणकतो, हे मला ठाऊक आहे. लोकरीची पट्टी बांध आणि डॉक्टर सांगेल त्यातलं निम्मंच ऐक. मी ठीक, म्हणजे जेवतो, झोपतो, गहू विकतो. पण आतून नुसता धुमसतोय. क्लोतिल्दच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात तुझा अपमान झाला आत्या, आणि तोही माझ्यासमोर.

झालं असं. मार्सेलीनच्या पोरीचा धर्मपिता मी, तेव्हा रिवाजाप्रमाणे चांदीचा पेला मी द्यायचा. दुकानातला कोराकरकरीत पेला कुणीही देईल. मी माझ्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तू दिलेला पेला काढला, घासूनपुसून माझ्या नावाखाली पोरीचं नाव कोरून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या हाती दिला. तिला दात येतायत. तिने पेल्याची कड हिरड्यांत धरली ती सोडेचना. सगळे कौतुकाने बघत होते (पाद्रीबाबासुद्धा, आणि त्यांचं लक्ष एरवी ताटातल्या मटणावरून हलत नाही). एवढ्यात पोरीच्या बापाने, आपल्या जावयाने, त्या गोंत्राँने, कोटाच्या खिशातून भिंग काढलं. तो दातांचा डॉक्टर आहे हे तुला सांगायला नको. माणूस भेटला की रामराम करायच्या आधी तो त्याच्या जबड्यात डोकावतो. हल्ली जुन्या चांदीचा नाद लागलाय. त्याने पोरीच्या तोंडातून पेला ओढला (ती रडली, ते कुणाच्या खिजगणतीत नाही), उलटा केला, आणि शांतपणे म्हणाला, "ओनेझिम, हा मुलामा आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

मग प्रवचन. अस्सल फ्रेंच चांदीवर म्हणे शिरस्त्राण घातलेल्या मिनर्वा देवीचं डोकं असतं, आणि कारागिराची अक्षरं पत्त्यांतल्या चौकटच्या पानावर असते तशा टोकावर उभ्या खुणेत असतात. मुलाम्याच्या भांड्यावर देवी नाही, आणि अक्षरं सरळ चौकोनात. पेला भिंगासकट पंगतभर फिरला. पाद्रीबाबांनीही डोळा लावला आणि म्हणाले, "देवाच्या लेखी सगळं सारखंच." म्हणजे त्यांनीही चौकोन पाहिला. मी म्हटलं, इतक्या वर्षांत देवी झिजली असेल, आणि पेला जरा तिरका धरा, चौकोनाची चौकट होते की नाही बघा. गोंत्राँ म्हणाला, "मग माझं घर तिरकं धरतो, राजवाडा होतोय का पाहू." सगळे हसले. माझी सख्खी बहीण मार्सेलीनही हसली, आत्या. मी पेला खिशात घातला आणि शेवटचं गोड न खाता उठलो. (नासपतीची टार्ट होती. मला किती आवडते ते तिला ठाऊक आहे.)

दुसऱ्या दिवशी पेला घेऊन घाटावरच्या मादाम पेर्शूकडे गेलो. ती जुनी भांडी विकते, आणि तोंडाला तिच्या झाकण नाही. मी म्हटलं, जरा सांभाळून सांगा, आत्याचा पेला आहे. ती म्हणाली, "आत्याबाई प्रेमळ असतील हो. पण चौकोन तो चौकोन." तिच्या मताला मी फारशी किंमत देत नाही. मात्र बसलोच होतो, तर तिच्याकडून बाकीचे छाप शिकून घेतले: हंस, खेकडा, रानडुकराचं मुंडकं. चांदी ओळखायला एवढी जनावरं लागतात हे आपल्या सरकारलाच सुचावं.

रविवारी गोंत्राँकडे गेलो. समेट करायला, असं मी मार्सेलीनला सांगितलं. त्यांची ती कॉफीची किटली तू पाहिली आहेस. राजाच्या खास सोनाराने पॅरिसमध्ये त्याच्या पणजोबांसाठी घडवली म्हणे. तिच्यावरही देवी नाही, पण तिथे गोंत्राँचं उत्तर तयार: राजाच्या काळी मिनर्वा नव्हतीच, आणि तो बारीक ठसा म्हणजे राजघराण्याचं कमळ. मी भिंग मागून घेतलं. आत्या, ज्याला मी उभा जन्म शिव्या घातल्या, ज्याने माझी दोन कोठारं पोखरली, तो मी ओळखणार नाही? गव्हातला सोंडकिडा होता तो, सोंडेसकट. आणि या किड्याचा ठसा राजे गेल्यावर, परदेशातून जकात भरून आलेल्या चांदीवर मारत, हे मादाम पेर्शूने मला शिकवलंच होतं. मी तेवढं सांगितलं. तिरकं धरून बघ, असंही म्हटलं.

गोंत्राँने माझ्या हातून भिंग काढून खिशात घातलं, ते मला हवंच होतं. पण त्याची म्हातारी आई शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझे सासरे तर लग्नात सगळ्यांना हेच सांगत होते." आणि तिने किटलीवर रुमाल टाकला. मार्सेलीन म्हणाली, "दादा, कॉफी झाली असेल तर नीघ." कॉफी तर अजून ओतलीही नव्हती. आता तूच सांग. तो बोलला ते शास्त्र, आणि मी बोललो तो दुष्टपणा? मी त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. प्राण गेला तरी नाही. तुझा पेला चांदीचा आहे आणि चांदीचाच राहील.

तुझा मानी पुतण्या,
ओनेझिम

ता. क. आत्ताच मार्सेलीनची चिठ्ठी आली. गोंत्राँने पोरीसाठी मिनर्वाछाप पेला आणलाय. पोरगी तो भिरकावून देते. हिरड्या सुजल्यात, रात्रंदिवस रडते, तिला जुनाच हवाय. म्हातारीही विचारत होती म्हणे, ओनेझिम कॉफी न घेता का गेला.

ता. क. दुसरा: गुरुवारच्या गाडीने येशील का? पेला तू नेऊन दे, स्वतःहून आल्यासारखी. मी बाहेर कोपऱ्यावर उभा राहीन. आत बोलावलं तर नाही म्हणणार नाही.

ता. क. तिसरा: रागाच्या भरात मी पेला खडूने जरा जास्तच घासला. कडेला तांबं दिसायला लागलंय. ते भिंगाशिवायही दिसेल, तेव्हा गोंत्राँच्या हातात देऊ नकोस. थेट पोरीच्या तोंडात दे.