पुढचे दोन खांब

आई, पप्पांना घरावर एक खोली चढवायची आहे. तिचं अंदाजपत्रक मी करते आहे, आणि ते चौथ्यांदा करते आहे. नांदेडला ऑफिसात दुसऱ्यांच्या बंगल्यांचं असं काम मी दोन दिवसांत हातावेगळं करते. आपल्या घराचं तीन महिने झाले तरी संपत नाही. तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते. म्हणून सांगते, मी इंजिनिअर झाले. इमारतीचे खांब किती वजन पेलतील हे काढून देणं माझं काम आहे. शनिवारी दुपारच्या एसटीनं लातूरला येते, रविवारी संध्याकाळी परत जाते. पप्पा डेपोतून रिटायर झाले. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तरी खोली वरच पाहिजे. कुणासाठी, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "पाहुण्यांसाठी," म्हणाले. आपल्याकडे पाहुणे कुठे येतात आता. मग त्यांनी कागदावर बोटानं जागा दाखवली. खिडकी इथं, खिडकीखाली टेबल, टेबलाजवळ प्लगचे चार पॉइंट. "पाहुण्यांना चार पॉइंट कशाला?" मी विचारलं. "असतंय की एखाद्याचं कॉम्प्युटर-बिम्प्युटर," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मी पुढे विचारलं नाही. तेव्हापासून दर आठवड्याला एखादा दर बदलते, टाइल्स बदलते, आणि महिन्याभरानं पुन्हा नवा कागद काढते.

जुन्या घरावर मजला चढवायचा तर आधी खालचे खांब तपासावे लागतात. मागच्या महिन्यात मी ऑफिसातलं उपकरण घेऊन आले. ते काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा आपटून उसळी घेतो आणि उसळीचा आकडा दिसतो. काँक्रीट घट्ट असेल तर आकडा मोठा. गिलावा काढून सहाही खांब पाहिले, प्रत्येकावर बारा ठिकाणी. मागे स्वयंपाकघराकडचे दोन आणि बोळातले दोन, चौतीस ते सदतीस. रस्त्याकडचे दोन, तेवीस आणि चोवीस. सिमेंट एकच, गवंडी एकच, सगळे एकाच आठवड्यात भरलेले. पप्पा स्टूल धरून उभे होते. आकडे ऐकून म्हणाले, "हे तुझ्या आईचं काम हाय. तव्हा पाणी वाचवलं न्हाई का तिनं." चिडून नाही, हसून म्हणाले, गेलेल्या माणसाची खोड सांगावी तसं. मी स्टुलावरून उतरले आणि उपकरण पेटीत ठेवलं.

मी नऊ वर्षांची आहे. नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत टँकर. प्लॉटच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत आपण राहतो आणि समोर घर उभं राहतंय. खांब नुकतेच भरलेत. त्यांना गोणपाटं गुंडाळलीत आणि ती चौदा दिवस ओली ठेवायची आहेत. पप्पा म्हणतात, टाकीतलं पाणी घाला, सिमेंट आहे ते, न्हाई तर कच्चं राहील. तू परातीतलं पीठ मळता मळता म्हणतेस, "माणसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही खांबाला पाजून राहिलात." शेवटी ठरतं की आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी बादलीत धरायचं आणि तेच घालायचं. पप्पा ड्यूटीवर, तू घरकामात, म्हणून ते काम माझं. "चिंब कर सगळी गोणपाटं," तू सांगतेस. घातलं की कॅलेंडरवर, तुझ्या दुधाच्या खाड्यांशेजारी, लाल पेनानं खूण करायची. पहिल्या दिवशी मी सहाही खांबांना पाणी घालते. रस्त्याकडच्या खांबापाशी माझ्या वर्गातल्या दोघी थांबतात. एक विचारते, "तुमच्यात मोरीचं पाणी घालतेत का गं घराला?" दुसरी नाक धरते. दुसऱ्या दिवसापासून मी पुढे गेलेच नाही. सगळ्या बादल्या मागच्या दोन आणि बोळातल्या दोन खांबांना ओतल्या, आणि खुणा मात्र चौदाच्या चौदा केल्या.

हिवाळ्यात पुढच्या खांबांवर केसासारख्या भेगा दिसल्या. पप्पा ड्यूटीवरून येऊन दारातच तुला म्हणाले, "झालं समाधान? तुझ्या कंजुषीनं खांब वाळले." तू भाकरी थापत होतीस. तू कॅलेंडरकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, "व्हय, मीच म्हटलं होतं पोरीला, थोडं थोडं घाल म्हणून." तू तसं म्हटलं नव्हतंस. मला एवढंच म्हणालीस, "जेव, भाकरी गार व्हायलीय." मी जेवले. त्यानंतर कितीतरी वर्षं, तू नळ घट्ट बंद केलास की पप्पा म्हणायचे, "वाचव, वाचव, अजून एक खांब वाळव." तू हसायचीस. मी पुस्तकात डोकं घालायचे.

आता त्या दोन खांबांभोवती नव्या सळया बांधून नवं काँक्रीट भरावं लागणार. अंदाजपत्रकात ती अकरावी बाब आहे, पंच्याऐंशी हजार. आमच्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, तिथं कारण लिहायचं. कुणा गिऱ्हाईकाचं घर असतं तर मी 'पाणी अपुरं' असं लिहून मोकळी झाले असते. इथं ते तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, कारण पप्पा ते वाचतील आणि त्यांना त्यात तूच दिसशील. खोटं नसलेलं वाक्यही चुकीच्या माणसावर जाऊन पडतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या रविवारी पप्पा पेन्सिल घेऊन तक्ता वाचत बसले. "आकस्मिक खर्च म्हंजे काय गं माय?"

"जो आत्ता माहीत नाही तो."

"माहीत न्हाई तर आकडा कुठून आणलीस?"

"पाच टक्के धरायची पद्धत आहे."

"भारीच पद्धत हाय तुमची," म्हणाले, आणि पेन्सिल अकराव्या बाबीवर थांबली. शेरा कोरा होता. मी तेव्हा सांगितलं. कोणत्या खांबांना घातलं, कोणत्या नाही, त्या दोघी काय म्हणाल्या, चौदा खुणा, सगळं. दोन मिनिटंही लागली नाहीत. ते उठून पुढच्या खांबापाशी गेले आणि गिलावा काढलेल्या जागेवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हंजे इतकी वर्षं मी तिला उगंच बोललो."

"हो."

"अन् तिनं बोलू दिलं."

ते गुडघ्यावर हात देत खुर्चीत बसले, तक्ता पुढे ओढला आणि म्हणाले, "मग हे पंच्याऐंशी हजार तुझ्या खोलीच्या खर्चात धर."

"माझ्या?"

"मग काय पाहुण्यांच्या?"

मी एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.

तुला ठाऊक होतं का, हे मला विचारायचं आहे. तू कॅलेंडरकडे पाहिलंस ते खुणा मोजायला की सहज, हे मी कितीदा आठवून पाहिलं, ठरत नाही. ठाऊक होतं म्हणालीस तरी मला स्वस्थता नाही, नव्हतं म्हणालीस तरी नाही. घरी परत यायला पप्पांनाही मी हो म्हटलेलं नाही. लातूरला माझ्या कामाचं ऑफिस काढायचं तर किती गिऱ्हाईक मिळेल, पहिलं वर्ष कसं निघेल, याचा कुठलाच दर माझ्याकडे नाही, आणि दर नसलेल्या बाबी मी तक्त्यात घेत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. अंदाजपत्रकाच्या फाइलमध्ये मागे लावून ठेवीन. एवढं मात्र खरं, की सोमवारी नांदेडला ऑफिसातून आल्यावर मी इथल्या माझ्या लोखंडी कपाटाची रुंदी टेपनं मोजली. नकाशात वरच्या खोलीत दाराच्या मागे ते बसतं. दोन इंच उरतात.