चेंडूखालची सावली

रोहा, रविवार, मे १९९७

पुतणी सुषमाने मुंबईच्या कंपनीत बनवलेला खेळ दाखवला. डोळ्यांवर यंत्र चढवून समोर उडणारा चेंडू धरायचा. चेंडूखाली तिने सावली रंगवलेली. मी जोहे गावचा गणपतीचा मूर्तिकार, आमच्या मूर्तीची सावली उजेडच पाडतो, ती रंगवत नाय कोण. म्हटलं, "हा डाग कशाला गो? काढ." तिने काढला. मग चेंडू जवळ की लांब, कळेचना! हवेत चाचपडत राहिलो. सगळे हसले. चिडून म्हणालो, "यंत्रच बिघडलंय."

"व्हय काका, माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली.

बाळूने, तिच्या बापाने, लगेच सुनावलं, "बस झाली मुंबईची नोकरी!"

आणि मी? चहा पीत राहिलो. सावली मीच काढायला लावली, एवढं सांगता आलं नाय?

पोर आत रडतेय आणि मी लिहीत बसलोय. आधी उठून बाळूला सांगायला हवं.